आजी दिसते, पण बोलत नाही!

शुक्रवारची रात्र, साडेदहा. खाली गंगापूर रोडवर गाड्यांची ये-जा चालूच आहे, जवळच्या लॉन्सवर कुणाच्या तरी संगीतचा डीजे शेवटचा जोर लावतोय, आणि मी लॅपटॉपसमोर बसून आजीच्या ओठांकडे बघतोय. आजी उखाणा घेतेय. सगळा मांडव हसतोय. पण आवाज? शून्य!

त्याचं झालं असं. रविवारी संध्याकाळी बाबांचा अमृतमहोत्सव. हॉल ठरला, केटरर ठरला, शालीही आल्या. मग कुणाला तरी सुचलं की दहा मिनिटांची एक मस्त फिल्म दाखवू या. आणि मंडळी, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बँकेत कर्जाच्या फायली तपासतो. पण आमच्या घरचा नियम असा, की ज्याच्या मांडीवर लॅपटॉप, तो इंजिनीअर.

मलाही वाटलं, त्यात काय? जुने फोटो टाकायचे, भावंडांच्या फोनमधल्या शुभेच्छा टाकायच्या, मागे एखादी बासरी लावायची. आणि मधोमध हुकमाचा पत्ता. २०१० साली ताईचं लग्न इथंच, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर झालं. तेव्हा मामाच्या हँडीकॅमनं आजीचा उखाणा टिपला होता. आजी ऐंशीची, आजोबा समोर खुर्चीत, आणि ती त्यांचं नाव घेताना नव्या नवरीसारखी लाजलेली. आजी २०१३ मध्ये गेली. तिचे फोटो घरात ढिगानं आहेत. आवाज मात्र एवढाच. सव्वा मिनिटाचा.

मामेभावानं पेनड्राइव्ह आणून दिला. आत अकरा फायली, प्रत्येकीचं आडनाव एमटीएस. एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर उघडलं, ‘इम्पोर्ट’ दाबलं. फोनच्या निम्म्या क्लिप्सवर लाल फुली आली. फॉरमॅट चालत नाही म्हणे! आजीची फाइल आली, पण मुकी. तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकली, तर आजी खणखणीत बोलतेय. म्हणजे आवाज फायलीत आहे. मग या एडिटिंगवाल्याच्या कानात काय बोळे घातलेत?

पुढचे दोन तास मी ते सगळं केलं, जे तुम्हीही केलं असतं. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपी-४ लिहिलं. काही फरक नाही. मग कुठला तरी ‘फ्री कन्व्हर्टर’ उतरवला. त्यानं आवाज आणला खरा, पण आजीच्या कपाळावर कुंकवाच्या जागी आपल्या कंपनीचं नाव छापलं! वर चित्र असं धुरकट, की मांडवात स्वयंपाकाचा धूर शिरलाय की काय वाटावं. रात्री साडेबाराला लॅपटॉप बंद केला.

डबा वेगळा, भाजी वेगळी

शनिवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला गाठलं. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्यानं चहाही घेतला नाही, आधी एकच प्रश्न विचारला.

‘दादा, डब्यात काय आहे ते बघितलंत का?’

‘एमटीएस आहे ना!’

‘तो डबा झाला. भाजी कुठली?’

सगळा फंडा इथंच आहे, बॉस. फाइलच्या नावाशेवटी जे दिसतं, म्हणजे एमपी-४, एमओव्ही, एमटीएस, एमकेव्ही, तो नुसता डबा. त्या डब्यात दोन कप्पे असतात. एकात चित्र, एकात आवाज. आणि प्रत्येक कप्प्यातला माल एका ठराविक पद्धतीनं दाबून भरलेला असतो. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर दहा सारखे स्टीलचे डबे असतात, पण एकात मेथी आणि एकात शेवभाजी, तसंच हे. मी नाव बदललं म्हणजे काय केलं? डब्यावरची चिठ्ठी बदलली. आतली भाजी तीच!

आत काय आहे ते सांगणारं मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाका, सगळी कुंडली समोर. आजीच्या फायलीची कुंडली निघाली ती अशी: चित्र एच.२६४, सेकंदाला २५ फ्रेम्स, आवाज एसी-३. ही एव्हीसीएचडी नावाची पद्धत. २००६ साली ती हँडीकॅमसाठी आली आणि पुढची कित्येक वर्षं मामालोकांच्या हातातले कॅमेरे याच पद्धतीनं भरत राहिले. चित्राचं एच.२६४ आज जवळजवळ सगळ्यांना कळतं. गोची आवाजाची. एसी-३ ही डॉल्बीची पद्धत. ती वाचायची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, काहींत नसते. जिथं नसते, तिथं पहिला कप्पा उघडतो, दुसरा तसाच राहतो. म्हणून आजी दिसते, पण बोलत नाही.

मग बनवणारे ही सोय सरसकट का देत नाहीत? पुष्कळदा कारण तांत्रिक नसून पैशांचं असतं. अनेक कोडेकवर पेटंट असतात आणि ती वापरायची तर परवान्याचे पैसे मोजावे लागतात. फुकट सॉफ्टवेअरवाला मग एखादी पद्धत गाळतो. विंडोजवरही फोनच्या एचईव्हीसी व्हिडिओसाठी एक जोडणी वेगळी विकत घ्यावी लागते, ती याच कारणानं. दोष ना तुमच्या कॅमेऱ्याचा असतो, ना तुमचा.

फोनच्या तीन खोड्या

आता भावंडांच्या क्लिप्स. पहिली खोडी एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५. एच.२६४ हे २००३ सालचं, त्याचा हा २०१३ सालचा धाकटा भाऊ. जागा खूप वाचवतो. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेम्सचा एक मिनिट जुन्या पद्धतीनं साधारण ३५० एमबी खातो, नव्या पद्धतीनं १७०. म्हणून २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोननं तोच धरला. फोन खूश, पण जुना लॅपटॉप तो उलगडता उलगडता घामाघूम. पुढच्या वेळी शूटिंगच्या आधीच सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. मोबाइलची जागा जास्त जाईल, पण डोकं शांत राहील.

दुसरी खोडी जास्त छुपी. कॅमेरा सेकंदाला ठरलेल्या फ्रेम्स घेतो. फोन मात्र उजेड कमी झाला, फोन तापला, की कधी २९, कधी २७ अशा घेतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअर धरून चालतं की हिशेब पक्का आहे. परिणाम? सुरुवातीला सगळं ठीक, आणि आठव्या मिनिटाला आत्याचे ओठ पुढे, शब्द मागे. लोक समजतात माइक खराब. माइक बिचारा बरोबर असतो. यावर हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं. त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप नव्यानं काढायची. मग ओठ आणि शब्द पुन्हा एकत्र नांदतात.

तिसरी खोडी चेहऱ्यांची. २०२० नंतरचे बरेच फोन एचडीआरमध्ये शूट करतात. फोनच्या स्क्रीनवर झकास दिसतं, पण साध्या प्रोजेक्टमध्ये आणलं की पुण्याच्या काकांचा चेहरा ट्यूबलाइटसारखा पांढराफटक. एक तर शूटिंगच्या वेळी एचडीआर बंद ठेवायचं, नाहीतर सॉफ्टवेअरला सांगायचं की हे एचडीआर आहे, साध्या रंगांत उतरव.

आणि हो, व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हिडिओ लगेच चालतो म्हणून खूश होऊ नका. तो वाटेत पिळून निघालेला असतो. क्लिप मागवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर ड्राइव्हवर टाकायला सांगा.

वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे...

फाइल आत आली तरी एडिटिंग करताना चित्र अडखळतं, हा अनुभव सगळ्यांचाच. त्याचं कारण आपल्या सरकारी रजिस्टरात सापडतं. पहिल्या ओळीत पूर्ण नाव-पत्ता, आणि खाली नुसतं ‘वरीलप्रमाणे’. कॅमेरा तेच करतो. एक फ्रेम पूर्ण लिहितो, पुढच्या काही फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढंच. जागा वाचते. पण तुम्ही मधल्याच ओळीवर कात्री लावली, की सॉफ्टवेअरला मागं जाऊन पहिल्या ओळीपासून हिशेब मांडावा लागतो. प्रत्येक कटला!

म्हणून व्यावसायिक लोक एडिटिंगआधी व्हिडिओ अशा पद्धतीत उतरवतात, ज्यात प्रत्येक ओळ पूर्ण लिहिलेली असते. मॅकवाल्यांत प्रोरेस चालतं, विंडोजवाल्यांत डीएनएक्सएचआर. फायली मात्र फुगतात. हँडीकॅमचा एक तास जास्तीत जास्त दहा-अकरा जीबी. तोच प्रोरेस ४२२ मध्ये फुल एचडीला पन्नास जीबीच्या पुढे. एवढी जागा नसेल तर ‘प्रॉक्सी’ वापरा. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची लहानशी, हलकी नक्कल करतं, तुम्ही नकलेवर कापाकापी करता आणि शेवटी फिल्म काढताना ते आपोआप मूळ फाइल घेतं. सात वर्षं जुन्या लॅपटॉपवरसुद्धा हे धावतं. माझ्यावर धावलं.

नाशिकचं जुनं दुखणं

एवढ्यात वैतागून मी म्हणालो, ‘सगळ्यांनी एकच फॉरमॅट ठेवायला काय होतं?’ पोरगा हसला. ‘दादा, हे फाळक्यांच्या गावात विचारताय?’

खरंच की! दादासाहेब फाळके जन्मले आपल्या त्र्यंबकेश्वरला, १८७० मध्ये, आणि गेले नाशिकला, १९४४ मध्ये. पांडवलेणीच्या पायथ्याच्या स्मारकात शाळेची सहल म्हणून आपण सगळेच जाऊन आलोय. पण त्यांची इम्पोर्टची कटकट कुणी सांगितली नव्हती. सिनेमाच्या सुरुवातीला फिल्मच्या कडेच्या भोकांचासुद्धा मेळ नव्हता. एडिसनच्या फिल्मला एका चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं, ल्युमिए बंधूंच्या फिल्मला एक-एक गोल भोक. एकाची फिल्म दुसऱ्याच्या यंत्रात चालेना. १९०९ साली पॅरिसच्या परिषदेत निर्मात्यांनी ३५ मिलिमीटर रुंदी आणि चार भोकं असं ठरवलं, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

१९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्ची फिल्म यायची ती बिनभोकांची. ती तशीच कॅमेऱ्यात घातली तर पुढे सरकणारच नाही. म्हणून भोकं पाडायचं यंत्रही त्यांनी आणलं. आणि घरचं सगळं आवरल्यावर, अंधारात बसून, फिल्मला भोकं पाडत कोण होतं? सरस्वतीबाई फाळके. उजेड लागला तर फिल्म वाया. हातानं चाचपत, मोजून-मापून. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या मागं हे काम होतं. कॅमेऱ्याला चालेल असा माल आधी घरीच तयार करायचा. आपण ज्याला आज ‘कन्व्हर्ट करणं’ म्हणतो, त्याचीच ही पणजी!

गोष्टीचा दुसरा भाग मात्र चटका लावणारा. ‘राजा हरिश्चंद्र’ होता चार रिळांचा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळच जपलेलं आहे. मधली दोन गेली ती गेलीच. हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आजीच्या मूळ मेमरी कार्डाचं काय?

अकरा फायली आणि एक कार्ड

मामेभावाला फोन लावला. ‘ते कार्ड? अरे, ते नंतर दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट केलं. त्याआधी फायली काढल्या होत्या ना!’ काढल्या होत्या, पण फक्त एमटीएस. एव्हीसीएचडीच्या कार्डावर फोल्डरच्या आत फोल्डर असतात आणि इतर छोट्या फायलींत लिहिलेलं असतं की कुठला तुकडा कशानंतर येतो. कारण लांब शूटिंग कॅमेरा एका फायलीत ठेवत नाही, दोन किंवा चार जीबी झाले की नवी फाइल सुरू करतो. ते फोल्डर जसंच्या तसं असेल तर चांगलं सॉफ्टवेअर तुकडे बेमालूम जोडतं. नुसते तुकडे उचलले तर सांध्यावर काही फ्रेम्स गळतात, आवाज ‘टक्’ करतो.

आणि आमचा सांधा कुठं होता? उखाण्याच्या मधोमध. पहिल्या फायलीत आजी सुरुवात करते, आजोबांचं नाव दुसरीत.

म्हणजे जगात आजीच्या आवाजाची एकच प्रत, तीही एका पेनड्राइव्हवर, जो शुक्रवारभर माझ्या शर्टाच्या खिशात किल्ल्यांबरोबर खुळखुळत होता! पोरानं पहिलं काम केलं ते कॉपी. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर. ‘आता मूळ फाइलला हात नाही लावायचा. जे काही करायचं ते नकलेवर.’

मग त्यानं एफएफएमपेग काढलं. फुकट, पण काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. ते झेपत नसेल तर शटर एन्कोडर घ्या, आत तेच इंजिन, बाहेर बटणं. आधी दोन्ही तुकडे मूळ रूपातच एकामागं एक जोडले. वेगवेगळे कन्व्हर्ट करून मग जोडले असते, तर सांधा उघडा पडला असता. त्यानंतर फक्त आवाजाचा कप्पा बदलला. एसी-३ काढून पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा आवाज. चित्राला हात लावला नाही, ‘जसंच्या तसं उचल’ एवढंच सांगितलं. डबा एमओव्ही. किती वेळ लागला? एक मिनिटसुद्धा नाही! चित्र नव्यानं दाबलंच नाही, मग धुरकट होणार कसं? रात्री दोन तास मी पूर्ण जेवण परत शिजवत होतो, आणि बदलायची होती एक वाटी.

एडिटिंगमध्ये फाइल ओढली. खाली आवाजाची हिरवी लहर उमटली. प्ले दाबलं. आजीचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघंही गप्प झालो. सांध्यावर ‘टक्’ झालं नाही. आजोबांचं नाव अख्खं आलं.

बाकीचं काम मग सरळ होतं. प्रोजेक्ट सेकंदाला २५ फ्रेम्सचा ठेवला, कारण आजीची क्लिप तशी होती आणि तीच महत्त्वाची. जुन्या हँडीकॅमचं चित्र एकाआड एक ओळींचं असल्यानं हालचालीत कडा कंगव्यासारख्या दिसत होत्या, तिथं ‘डीइंटरलेस’ चालू केलं. शनिवारी रात्री दोनला फिल्म तयार.

कापून ठेवा, फ्रिजवर लावा

• फाइल उघडत नसेल तर आधी मीडियाइन्फोत बघा. चित्र कुठलं, आवाज कुठला, फ्रेम रेट स्थिर की बदलता.
• फक्त आवाज अडत असेल तर फक्त आवाज बदला. फक्त डबा अडत असेल तर फक्त डबा बदला. सगळं कन्व्हर्ट करणं हा शेवटचा उपाय.
• आधी तीस सेकंदांवर प्रयोग, मग पूर्ण फाइल.
• हँडीकॅमचं कार्ड असेल तर अख्खं कॉपी करा, आतल्या फोल्डर्ससकट.
• घरातल्या ट्यूबलाइटखाली शूट करताना २५ फ्रेम्स आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पडदा लुकलुकत नाही.
• कन्व्हर्ट झालं म्हणून मूळ फाइल उडवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी साठवलेल्या, एक घराबाहेर.

रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये फिल्म लागली. फोटोंवर हशा झाला, काकांच्या चेहऱ्यावर टाळ्या पडल्या. मग आजी आली. सव्वा मिनिट कुणी बोललं नाही. बाबा पहिल्या रांगेत, शाल खांद्यावर, हात मांडीवर. फिल्म संपली, दिवे लागले, लोक जेवणाकडे वळले. मी लॅपटॉप बंद करायला गेलो, तर ते मागं उभे.

‘आईचं तेवढं परत लाव.’

लावलं. तीनदा.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेला एक नवा पेनड्राइव्ह हातात दिला. म्हणाले, यात मलाही टाकून दे, माझ्या फोनवर चालेल असं. मी विचारलं, कुठला फॉरमॅट? ते म्हणाले, ‘ज्यात ती बोलते तो.’